मात्सिएंगचा कातळ: पावलं एकांची, कथा दुसऱ्यांची

बोत्स्वानाची राजधानी गॅबोरोन सोडून उत्तरेला फ्रान्सिसटाउनकडे जाणारा हमरस्ता धरला, की साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर रासेसा नावाचं गाव लागतं. गावाजवळ वाळूच्या खडकाचा एक सपाट, उघडा कातळ आहे. त्यात खोल नैसर्गिक खळगे आहेत. पावसाळ्यात ते पाण्याने भरतात. या खळग्यांच्या आसपास खडकावर माणसांची पावलं, मांजरकुळातल्या जनावरांच्या पंजांचे ठसे आणि छोटे गोल खड्डे कोरलेले आहेत. अशा आकृत्यांची मोजदाद ११७पर्यंत गेली आहे. जागेचं नाव मात्सिएंग.

त्स्वाना, म्हणजे बोत्स्वानातल्या बहुसंख्य समाजाच्या परंपरेत मात्सिएंग हा एक पायाचा अवाढव्य पूर्वज. जग नवं होतं आणि जमीन ओली होती, तेव्हा तो या खळग्यातून वर आला. त्याच्या मागोमाग त्याची माणसं आली, पाळीव जनावरं आली, रानातली जनावरंही आली. ओल्या जमिनीवर सगळ्यांची पावलं उमटली. पुढे जमीन घट्ट होऊन तिचा खडक झाला आणि पावलं तशीच राहिली. बोत्स्वानात अशी चार उत्पत्तिस्थळं सांगतात. त्यांत हे सर्वांत मोठं.

पुरातत्त्व सांगतं ते वेगळं. ही पावलं उमटलेली नाहीत, कठीण दगडाने टोचून टोचून कोरलेली आहेत. आणि कोरणारे बहुधा त्स्वाना नव्हते. त्यांच्या आधी या प्रदेशात राहणाऱ्या सान शिकाऱ्यांचं किंवा खोए पशुपालकांचं हे काम असावं.

असं प्रकरण समोर आलं, की आपण लगेच निवाडा करायला बसतो. एका बाजूला शास्त्र, दुसऱ्या बाजूला दंतकथा, मग शास्त्र खरं आणि कथा गोड पण खोटी. मला हा निवाडा घाईचा वाटतो. मात्सिएंगची कथा म्हणजे पावलांचं चुकलेलं स्पष्टीकरण नाही. नंतर आलेल्या एका समाजाने आधीच्यांच्या खुणा कशा स्वीकारल्या, त्यांच्याशी नातं कसं जोडलं आणि त्या जागेला कसं जपलं, त्याचा तो पुरावा आहे. तो पुरावा नीट वाचायचा, तर खडक, कथा आणि पाऊस या तिन्हींकडे पाहावं लागतं.

खडक काय सांगतो

कोरीवकामात अख्खे प्राणी ठळकपणे दिसत नाहीत, दिसतात त्यांच्या खुणा. ज्याने हे कोरलं त्याला जनावराचा माग वाचता येत होता. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून बिबट्याच्या किंवा सिंहाच्या ठशात नखांची टोकं उमटत नाहीत. तरस किंवा रानकुत्रा गेला असेल तर ती उमटतात. कलहारीच्या वाळूत शिकार करणाऱ्याला हा फरक लहानपणीच शिकावा लागतो. माग म्हणजे समोर नसलेलं जनावर. ते कुठून आलं, किती वेळापूर्वी गेलं, थकलेलं आहे का, हे सगळं त्यात असतं. तेव्हा खडकावर पंजा कोरणं म्हणजे त्या जनावराची हजेरी कायमची नोंदवणं, असं मानायला पुष्कळ जागा आहे.

कोरीवकामाचं वय काढणं मात्र कठीण. गुहेतल्या रंगात कधी कोळसा किंवा एखादा सेंद्रिय पदार्थ सापडतो आणि त्यावरून काळ ठरवता येतो. टोचून काढलेल्या खड्ड्यात असं काहीच नसतं. खडकावर चढलेला काळपट थर, झीज, आजूबाजूच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू आणि इतर स्थळांशी तुलना, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. या स्थळाचा सविस्तर अभ्यास पुरातत्त्वज्ञ निक वॉकर यांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केला. मात्सिएंगबद्दल गंभीरपणे बोलणारा कुणीही आज तिथूनच सुरुवात करतो.

त्स्वानांनी हे कोरलं नसावं, असं कशावरून? त्स्वाना आणि त्यांचे भाषाबंधू सोथो हे गुरं पाळणारे, ज्वारी-बाजरी पेरणारे शेतकरी. त्यांच्या पूर्वजांशी जोडली जाणारी मोलोको पद्धतीची मातीची भांडी दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात इ. स. १३००च्या सुमारापासून मिळू लागतात. शेतकरी समाजांची म्हणून ओळखली जाणारी कोरीवचित्रं वेगळी असतात. त्यांत वस्त्यांचे आराखडे दिसतात, मधोमध गुरांचा गोठा, भोवती घरांची वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या वाटा. पाण्याच्या कडेला कोरलेली पावलं आणि पंजे हा त्यांचा बाज नाही.

दुसरीकडे, मेंढ्या पाळणारे लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भूभागात पसरू लागले. पुरातत्त्वज्ञ बेंजामिन स्मिथ आणि स्वेन उझमन यांनी २००४मध्ये मांडणी केली, की आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातलं भौमितिक आकृत्यांचं, ओबडधोबड टोचलेलं कोरीवकाम बरंचसं खोए पशुपालकांचं आहे आणि ते नदी-ओढे आणि पाणवठ्यांच्या कडेने पसरलेलं आहे. त्यांची मांडणी सगळ्यांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही. पण पाणी आणि कोरीवकाम यांची जोडी मात्र पुन्हा पुन्हा समोर येते. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीजवळ रीट नदीच्या पात्रात ड्रीकॉप्स आयलंड नावाचा हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला खडक आहे. त्यावर तीन हजारांहून अधिक आकृत्या आहेत. नदीला पाणी आलं की त्या बुडतात, ओसरलं की उघड्या पडतात. तिथे अनेक वर्षं काम केलेले डेव्हिड मॉरिस या आकृत्यांचा संबंध पाणी, जलसर्प आणि वयात येणाऱ्या मुलींच्या विधींशी जोडतात.

मात्सिएंगचे खळगे या चित्रात नीट बसतात. कोरडवाहू मुलखात पाणी साठवणारा खडक ही साधी गोष्ट नव्हे. शिकारी, जनावरं, मेंढपाळ आणि पुढे गुराखी, सगळ्यांनाच तिथे यावं लागलं.

कथा किती जुनी

कथेच्या वयाचा एक पुरावा छापील आहे. आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कुरुमान इथे ख्रिस्ती मिशन चालवणारे रॉबर्ट मोफॅट यांनी १८४२मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्स्वाना लोकांकडून ऐकलेलं त्यांनी त्यात नोंदवलं आहे: मोदिमो (म्हणजे देव), माणूस आणि सगळ्या जातींचे प्राणी उत्तरेकडच्या बाकोने प्रदेशातल्या एका विवरातून बाहेर आले, त्यांची पावलं आता कडक झालेल्या खडकात अजून दिसतात, आणि त्या काळी तो खडक म्हणजे वाळू होती.

मोफॅट यांनी हे मिशनऱ्याच्या नजरेने लिहिलं. या श्रद्धेबद्दल त्यांना आदर नव्हता, हे त्यांच्या लेखनात लपत नाही. तरीही ही नोंद मोलाची आहे. कुरुमान मात्सिएंगपासून शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या लोकांनी सांगितलेलं विवर हेच, की दुसऱ्या कुठल्या उत्पत्तिस्थळाचं, हा मुद्दा गौण आहे. महत्त्वाचं असं, की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कथा एका गावापुरती नव्हती, फार मोठ्या मुलखात पसरलेली होती. विवर, पावलं आणि मऊ जमीन हे तिचे तिन्ही भाग तेव्हाच पक्के झालेले होते.

आणखी एक गोष्ट मला इथे थांबवते. सांगणाऱ्यांनी मोफॅटना म्हटलं, की तेव्हा तिथे वाळू होती. वाळूचा खडक खरोखर वाळूचाच बनलेला असतो. भूविज्ञानातला काळ आणि कथेतला काळ एक नव्हेत हे उघड आहे, आणि पावलं मऊ वाळूत उमटली नव्हती हेही खरं. पण हा खडक कशाचा झाला हे या लोकांनी हात लावून, डोळ्यांनी पाहून ओळखलं होतं. कथा निरीक्षणातून वाढली आहे.

कथेत काय आहे आणि कोरीवकामात काय आहे, यातली तफावतही बोलकी आहे. खडकावर ठळक दिसतात ती माणसांची पावलं आणि मांजरकुळाचे पंजे. कथेत पाळीव जनावरं आहेत. गाय म्हणजे त्स्वाना माणसाची प्रतिष्ठा, लग्नातलं देणं, सारी मालमत्ता. ती माणसाबरोबर एकाच विवरातून आली नाही, तर उत्पत्ती अपुरी राहिली असती. म्हणजे खुणा आधीच्यांच्या राहिल्या आणि नव्यांनी त्यांत स्वतःचं जग भरलं. मात्सिएंगच्या एका पायाचंही तसंच असावं. एकच पाय, एकच हात, एकच डोळा असलेली अर्ध्या देहाची पात्रं आफ्रिकेच्या अनेक भागांतल्या लोककथांत भेटतात. इथल्या पूर्वजाला तो देह त्या मोठ्या साठ्यातून मिळाला असणं शक्य आहे.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील. मात्सिएंग आज खातलेंग जिल्ह्यात येतं, म्हणजे बाखातला या त्स्वाना शाखेच्या मुलखात. पण त्यांच्यातले इथले बाखातला-बा-गा-खाफेला लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले नाहीत. ते मूळचे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गचे. तिथे बोअरांच्या, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकारांच्या, सत्तेच्या काळात धरणासाठी त्यांना वेठीला धरलं गेलं. त्यांचा खोसी, म्हणजे राजा, खामान्याने याला बोअर नेते पॉल क्रूगर यांनी १८७०मध्ये सर्वांसमोर फटके मारले. त्या अपमानानंतर खामान्याने आपले बरेचसे लोक घेऊन सरहद्द ओलांडून आला आणि १८७१मध्ये मोचुडी हे गाव वसलं. त्याआधी हा भाग बाक्वेना या दुसऱ्या त्स्वाना शाखेच्या सत्तेखाली होता. पुढे जमिनीच्या हक्कावरून बाखातला आणि बाक्वेना यांच्यात १८७५मध्ये युद्धही पेटलं.

म्हणजे आज ज्यांच्या जिल्ह्यात हे स्थळ आहे, ते लोक मोफॅटच्या नोंदीनंतर जवळजवळ तीस वर्षांनी इथे आले. त्यांना ही कथा परकी वाटली नाही, कारण उत्पत्तीची ती गोष्ट सगळ्याच त्स्वाना शाखांची होती. घर सोडून आलेल्या लोकांना नव्या मुलखात पोहोचल्यावर कळतं, की सगळी माणसं जिथून निघाली ती जागा इथे, मोचुडीच्या शेजारीच आहे. त्या काळी कुणाच्या मनात नेमकं काय आलं ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण अशा कथेचं बळ कशात असतं, ते या क्रमावरून स्पष्ट दिसतं.

पाऊस

मात्सिएंगची ओळख फक्त उत्पत्तिस्थळ अशी नाही. ते पावसाचं स्थान आहे. पाऊस मागण्याच्या विधींसाठी ही जागा पवित्र मानली जाते आणि ती श्रद्धा संपलेली नाही.

या मुलखात वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, आणि त्याचा काही नेम नाही. बोत्स्वानाचं राष्ट्रीय बोधवाक्य ‘पुला’, म्हणजे पाऊस. चलनाचं नावही तेच. त्स्वाना समाजात पाऊस आणणं ही खोसीची जबाबदारी होती. त्यासाठी जाणकार वैद्य असत, औषधं असत, ठरलेले विधी असत. १९२९पासून मोचुडीत येऊन काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ आयझॅक शापेरा यांनी या विधींचा अभ्यास केला. त्यातून दिसतं, की पाऊस हा राज्यकारभाराचाच भाग होता. पाऊस नाही आला तर राजाकडे बोट दाखवलं जाई.

बाक्वेनांचा खोसी सेचेले याची हकिगत या संदर्भात आठवते. तो स्वतः नावाजलेला पर्जन्यकर्ता होता. मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८४८मध्ये कोलोबेंग इथे त्याला बाप्तिस्मा दिला. त्याने पाऊस पाडण्याचे विधी सोडले आणि त्याच काळात भीषण दुष्काळ पडला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. लिव्हिंगस्टन यांनी एका पर्जन्यवैद्याशी झालेला वादही लिहून ठेवला आहे. त्यात वैद्याचं म्हणणं असं, की देवाने तुम्हाला पुष्कळ काही दिलं, आम्हाला एक लहानशी गोष्ट दिली, ती म्हणजे पाऊस आणणाऱ्या औषधांचं ज्ञान, तेव्हा तुम्हाला ठाऊक नाही म्हणून आमच्या ज्ञानाला हिणवू नका. मला त्या संवादात वैद्याची बाजू पुष्कळ समतोल वाटते, आणि लिव्हिंगस्टन यांनी ती इतक्या प्रामाणिकपणे नोंदवली याचंही मोल वाटतं.

पाणी साठवणारा खळगा, त्यातून वर आलेला पूर्वज आणि त्याच्याकडे मागितलेला पाऊस ही साखळी अशी जुळते. सान लोकांच्या कलेतही पाऊस हा जनावराच्या रूपात येतो. त्याला पाण्यातून काढून कोरड्या रानावरून न्यायचं, म्हणजे तिथे पाऊस पडतो. स्वेन उझमन यांनी १९९५मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतातल्या थाबा सिओने या कोरीवस्थळाबद्दल लिहिलं. तिथे गेंड्याच्या आकृत्या पुष्कळ आहेत, आणि सानांच्या पर्जन्यविधींशी त्यांचा संबंध त्यांनी जोडला. त्याच जागी आज त्स्वाना भाषक ख्रिस्ती भाविक प्रार्थनेला जमतात. समाज बदलला, धर्म बदलला, जागेचं काम मात्र बरंचसं तेच राहिलं. मात्सिएंगमध्ये मला हेच दिसतं. सान आणि त्स्वाना या खडकाशेजारी भेटले का, एकमेकांना काय म्हणाले, याची नोंद उरलेली नाही. पण पावसासाठी कुठे जायचं याबद्दल त्यांचं एकमत असावं.

आजचा पेच

आज मात्सिएंग राष्ट्रीय स्मारक आहे. त्याची देखरेख बोत्स्वानाचा राष्ट्रीय संग्रहालय व स्मारक विभाग करतो. संरक्षण २००१च्या स्मारक व अवशेष कायद्याचं आहे. जागेवर माहितीकेंद्र आहे. गॅबोरोनहून तासाभरात पोहोचता येत असल्याने शाळांच्या सहली आणि परदेशी प्रवासी सहज येतात.

पेच इथे सुरू होतो. पुरातत्त्वाला कातळ कोरडा, स्वच्छ आणि स्पर्शाविना हवा. वाळूचा खडक मऊ असतो, बुटांच्या तळव्यांनी झिजतो. आकृती फोटोत ठळक यावी म्हणून खडूने कडा रंगवणं किंवा पाणी ओतणं, हे जगभरातल्या कोरीवस्थळांचं नुकसान करणारं जुनं खूळ आहे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तीच आकृती काहीही न करता स्पष्ट दिसते. भाविकाचं मात्र दुरून पाहून भागत नाही. त्याला पाण्याजवळ जायचं असतं, कधी अनवाणी, कधी रात्री. संग्रहालयाच्या नियमात बसणारी भेट आणि पूर्वजाची भेट यांची वेळापत्रकं जुळत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: या दोघांत तंटा झाला तर भाविकाला बाहेर काढणं हा उपाय नव्हे. कायदा यायच्या कितीतरी आधीपासून हा कातळ टिकला आहे. जागा पूर्वजाची मानली, म्हणून लोकांनी तिथला दगड फोडला नाही, असं म्हणणं मला सयुक्तिक वाटतं. बोत्स्वानाच्या वायव्येला त्सोडिलोच्या टेकड्यांचं उदाहरण समोर आहे. तिथे सुमारे दहा चौरस किलोमीटरमध्ये साडेचार हजारांहून अधिक चित्रं आहेत आणि २००१मध्ये तो परिसर जागतिक वारसा ठरला. तिथल्या सान लोकांची उत्पत्तिकथा वेगळी, हाम्बुकुशू लोकांची वेगळी. हाम्बुकुशू सांगतात, की देवाने माणसं आणि गुरं वरून या टेकडीवर उतरवली, आणि खडकातल्या खुरांच्या खुणा दाखवतात. जागतिक वारशाच्या नोंदीतच हे स्थानिकांचं पूजास्थान असल्याचं म्हटलं आहे. दोन समाजांच्या दोन कथा एका टेकडीवर नांदू शकतात, तर मात्सिएंगला तेवढी जागा नक्कीच आहे.

मात्र दुसरीकडेही एक उणीव आहे, आणि ती मला जास्त टोचते. हे स्थळ सांगितलं जातं ते त्स्वानांच्या उत्पत्तीचं ठिकाण म्हणून. ज्यांच्या हातांनी ती पावलं कोरली असावीत, त्या सान-खोए समाजांचं नाव मागे पडतं. हे केवळ इतिहासाचं दुखणं नाही. बोत्स्वानातले सान, ज्यांना तिथे बासार्वा म्हणतात, मध्य कलहारी अभयारण्यातल्या आपल्या जमिनीवरून हटवले गेले आणि त्यांना हायकोर्टात जावं लागलं. डिसेंबर २००६मध्ये निकाल बव्हंशी त्यांच्या बाजूने लागला. ज्या देशात जमिनीवर आधी कोण होतं हा प्रश्न कोर्टापर्यंत जातो, तिथे कोरीव पावलं कोणाची हे सांगणं सोडून देता येत नाही.

हे लिहिताना कोकणातली कातळशिल्पं डोळ्यांसमोर येत राहतात. रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गातले सडे, गोव्यात कुशावतीच्या काठचं उसगाळीमळ. मात्सिएंगशी त्यांचं नातं नाही, खडक वेगळा, लोक वेगळे. पण आपल्याकडची परिस्थिती बरोबर उलटी आहे. जांभ्या दगडावर हत्ती, मासे, माणसं राहिली आणि कोरणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण हरवलं. कोकणातली ही शिल्पं २०२२मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला अभ्यासक आणि गावकरी होते, पण मात्सिएंगसारखी जिवंत कथा नव्हती. म्हणून आपल्या वाचकाला मात्सिएंगचं मोल पटकन कळावं. तिथे मूळ अर्थ हरवला, तरी दुसऱ्या समाजाने त्या खुणांना पुन्हा बोलतं केलं.

या प्रकरणातून कामाच्या तीन-चार गोष्टी निघतात. माहितीकेंद्रात कथा आधी सांगावी, ती जशी खातलेंगमधले वडीलधारे सांगतात तशी, त्सेत्स्वानात. तिची रूपं एकाहून अधिक असतील तर ती सगळी ध्वनिमुद्रित करावीत, एकाला अधिकृत ठरवू नये. कोरीवकाम कोणाचं असावं हे त्याच भिंतीवर, तेवढ्याच अक्षरांत लिहावं आणि ते लिहिताना सान समाजातल्या लोकांना बोलवावं. मुख्य खळग्याकडे जाण्यासाठी कोरीव भाग टाळणारी एक वाट आखावी, म्हणजे भाविकाला पाण्यापर्यंत जाता येईल आणि पावलांवर पाय पडणार नाही. आणि सगळ्या आकृत्यांचं त्रिमितीय छायाचित्रण ठरावीक वर्षांनी पुन्हा करावं. झीज किती आणि कुठे होते आहे हे आकड्यांत कळलं, तर वाट कुठून न्यायची हा वाद जागेवरच मिटवता येईल.